गॅस लावायचा नाही

ट्रक मासळीचा आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती. हौदा धुऊन चार दिवस झाले होते, तरी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या त्या गल्लीच्या तोंडाशीच वास यायचा. टाटा १६१३, एमएच ०९ पासिंग, वीस वर्षांहून जुना. रत्नागिरीत बर्फात मासळी भरायची, रातोरात आंबा घाट चढायचा आणि पहाटे कोल्हापूर गाठायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. आता त्याचं पुढचं डावं चाक काढून भिंतीला टेकवलं होतं. एक्सलखाली लोखंडी घोडी होती, घोडीखाली लाकडाचा गुटका. चाक, ड्रम, हब सगळं बाजूला झाल्यावर एक्सलचं टोक उघडं पडलं होतं आणि त्या टोकाच्या पोटात आडवा ठोकलेला, बोटाएवढ्या जाडीचा एक कॉटर दोन दिवस कुणाला दाद देत नव्हता.

मी तिथे गेले होते खंडेनवमीसाठी. उद्यमनगरात त्या दिवशी पाने, हातोडे, ड्रिल मशीन, लेथ सगळं धुऊन पुसून मांडतात, झेंडू वाहतात, त्यावर लिहायचं मनात होतं. पितृपंधरवडा चालू होता, म्हणजे हातात वेळ होता. पण त्या कॉटरपाशी मी थांबले ती तीन दिवस थांबले, आणि लेख त्याचाच झाला.

आधी हा कॉटर म्हणजे काय ते सांगायला हवं. ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवतो तेव्हा ते फिरणं दांड्यावाटे खाली स्टिअरिंग बॉक्समध्ये जातं. बॉक्स त्याचा वेग कमी करतो आणि जोर वाढवतो. बॉक्समधून बाहेर आलेला ड्रॉप आर्म पुढे-मागे हलतो, त्याला जोडलेला लांब ड्रॅग लिंक एका चाकाला वळवतो, आणि दोन्ही चाकांना बांधणारा टाय रॉड दुसऱ्या चाकाला सोबत नेतो. चाक जिच्यावर वळतं ती खिळी म्हणजे किंगपिन. दाराला जशी बिजागरीची खिळी, तशी ट्रकच्या पुढच्या चाकाला ही. जुन्या कायद्याने दोन एक्सलच्या ट्रकला पुढच्या एक्सलवर सहा टन भार चालायचा, २०१८ पासून सात टन चालतो. तो सगळा भार पेलत चाक वळतं ते या दोन किंगपिनांवर, डावीकडे एक, उजवीकडे एक.

किंगपिन एक्सलच्या डोळ्यात बसते, आणि ती तिथे फिरू नये म्हणून तिच्या अंगातल्या खाचेत आडवा कॉटर घुसवतात. कॉटर निमुळता असतो. त्याच्या बारीक टोकाला आटे असतात, त्यावर नट आवळला की कॉटर आत ओढला जातो आणि पिनेला पाचरीसारखा दाबून धरतो. काढताना उलटं. नट सैल करायचा, टोकाशी सपाट होईल इतका वर आणायचा आणि त्यावर मारून कॉटर मागे ढकलायचा. नवा असेल तर दोन टोल्यांत निघतो.

हा निघत नव्हता.

ड्रायव्हर साखरप्याचा. पन्नाशीचा माणूस, गाडी वीस वर्षं त्याच्याच हातात. गॅरेजच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तो कामाकडे बघत होता, घरच्या माणसाचं ऑपरेशन चालू असावं तसा. "ताई, घाट उतरताना हातातच कळायचं," तो म्हणाला. "साठच्या वर गेलं की स्टिअरिंग थरथरायचं. सरळ धरली तरी गाडी डावीकडे ओढायची. मालकाला दोन महिने सांगतोय. मालक म्हणाला, पाऊस जाऊ दे."

पाऊस गेल्यावर मालकाने गाडी आधी दुसऱ्याच एका गॅरेजात दिली. तिथे चाक जॅकवर उचलून वरून-खालून हलवलं, तेव्हा ते दात हललेल्या माणसासारखं हललं. किंगपिन आणि तिचे बूश गेले होते, यात वाद नव्हता. मग त्यांनी कॉटरवर घण चालवला. नट काढून टाकून थेट आट्यांवर. आट्यांचं टोक छत्रीसारखं पसरलं, आणि जो कॉटर मागे जायला हवा होता तो त्या पसरलेल्या टोकाने आणखी घट्ट झाला. नंतर तिथेच कुणीतरी गॅस कटिंगची टॉर्च आणली. ती पेटवण्याआधी ड्रायव्हरने मालकाला फोन लावला आणि मालकाने ओळखीच्या वस्तादाला. अशा रीतीने गाडी टो होऊन उद्यमनगरात आली.

हे वस्ताद साठीच्या पुढचे. अंगाने किरकोळ, हात मात्र कुस्तीगिराचे. गल्लीत सगळे त्यांना वस्तादच म्हणतात, त्यामुळे मीही तेच म्हणते. त्यांनी आल्या आल्या पहिलं काम केलं ते तारेच्या ब्रशने कॉटरभोवतीची सगळी घाण काढण्याचं. पाऊण तास. ग्रीस, चिखल, मिठाचा पांढरा खडा, त्याखाली गंजाचे पापुद्रे. मग चष्मा वर सरकवून त्यांनी बॅटरीच्या उजेडात बघितलं आणि हेल्परला सांगितलं, "ह्याला गॅस लावायचा न्हाई. काय झालं तरी न्हाई."

हेल्पर आयटीआय केलेला, विशीतला. त्याने विचारलं, "वस्ताद, लाल केला तर पाच मिनिटांत सुटंल की."

"सुटंल. आणि एक्सलचं पाणी उतरंल."

पोलादाला पाणी देणं ही गोष्ट आपल्याकडे लोहाराच्या भट्टीपासून सगळ्यांना माहीत. उसाचा कोयता लाल करून पाण्यात बुडवतात, मग तो पुन्हा मध्यम तापवून निवू देतात, तेव्हा तो धार धरतो आणि तुटतही नाही. ट्रकचा पुढचा एक्सल हा तसाच, घणाखाली घडवून पाणी दिलेला. त्याचा दणकटपणा त्या उष्णतेच्या हिशेबात आहे. टॉर्चने एका जागी लाल केला, म्हणजे सातशे अंशांच्या आसपास नेला, तर तो हिशेब त्या जागी बिघडतो. तिथलं पोलाद मऊ पडतं, किंवा पाणी मारून निववलं तर ठिसूळ होतं. दिसत काहीच नाही. रंग मारला की नवा. आणि ती जागा कोणती, तर एक्सलचा डोळा, जिथे सगळा भार येऊन किंगपिनवर उभा राहतो.

"फुटला तर कुठं फुटंल?" वस्तादांनी पोराला विचारलं. पोरगा गप्प. "आंबा घाटात फुटंल. गॅरेजमध्ये न्हाई फुटत."

माझ्या मते या तीन दिवसांतलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच. कॉटर काढण्याच्या बऱ्याच युक्त्या आहेत, त्या पुढे येतीलच. पण काय करायचं नाही हे आधी ठरलेलं असणं, आणि मालक दर दोन तासांनी फोन करत असताना त्यावर टिकून राहणं, ही खरी कारागिरी. रस्त्यावर शेकडो जुने ट्रक धावतात. त्यांतल्या कितींच्या एक्सलवर कधी काळी टॉर्च फिरली आहे, हे कोणत्याही तपासणीत सहजी कळणार नाही.

आता गंजाबद्दल. लोखंड गंजतं तेव्हा झिजतं, हे आपल्याला दिसतं. न दिसणारी गोष्ट अशी की गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, दुपटीहून अधिक. उघड्या पत्र्यावर तो पापुद्र्यांनी सुटतो. पण कॉटर आणि एक्सलचं भोक यांच्यामध्ये केसाएवढी फट असते, तिथे फुगायला जागाच नसते. मग तो फुगतो तो दाबतच. वर्षानुवर्षं. त्यात मासळीची गाडी म्हणजे मिठाचं पाणी चोवीस तास. बर्फ वितळतो, मासळीचं खारं पाणी हौद्याच्या फटींतून चॅसिसवर, एक्सलवर ठिबकत राहतं. मिठाने पाणी वीज अधिक सहज वाहून नेतं, आणि गंज चढणं ही मुळात विजेचीच क्रिया असल्याने ती झपाट्याने होते. कोकणातल्या घरांच्या खिडक्यांचे गज बघितलेत तर मी काय म्हणते ते कळेल.

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कॉटरला फक्त तेल पाजलं. पूर्वी यासाठी रॉकेल असायचं, आता ते सहज मिळत नाही. वस्ताद बाजारातला गंज सोडवणारा स्प्रे वापरतात, आणि स्वतःचं एक मिश्रणही: गिअरबॉक्सचं पातळ तेल आणि ॲसिटोन, निम्मं निम्मं. ॲसिटोन तेलाला फटीत ओढून नेतं आणि उडून जातं, तेल मागे राहतं. दर अर्ध्या तासाने थेंब टाकायचे आणि लहान हातोडीने एक्सलच्या डोळ्याच्या कडेने टकटक करायचं. जोराने नव्हे, दारावर शेजारीण थाप देते तेवढंच. त्या कंपनाने गंजात बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते.

त्या रिकाम्या वेळात बऱ्याच गोष्टी ऐकल्या. वस्तादांच्या पेटीत दोन जातींचे पाने आहेत, मिलिमीटरचे आणि सुती. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. टाटांच्या टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली, तो करार १९६९ पर्यंत चालला. जर्मन घराण्याची गाडी म्हणून टाटाच्या ट्रकचे बोल्ट मिलिमीटरचे. इंग्रजी घराण्याच्या लेलँडचे बोल्ट इंचाचे. "एका गाडीवरनं उठून दुसरीवर गेलं की सगळी पेटी बदलायची," वस्ताद म्हणाले. "आणि चुकीचा पाना बसवला की नटाचे कोपरे गेले." आज इंची बोल्ट फारसे राहिले नाहीत, पण त्या पिढीच्या मिस्त्रींच्या तोंडी तीन सूत, चार सूत अजून आहे.

भिंतीला टेकवलेल्या चाकाकडे बोट करून त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. जुन्या अनेक ट्रकांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, म्हणजे सोडवायला उजवीकडे फिरवायचे. चालत्या चाकाच्या फिरण्याने नट सैल होऊ नये, यासाठी ती योजना. हे माहीत नसलेला माणूस सोडवतोय असं समजून आवळत बसतो, मग पान्याला पाइप लावतो आणि स्टड तोडतो.

पाइपचा विषय निघालाच आहे तर त्याचंही गणित सांगते. १६ मिलिमीटर जाडीचा, ८.८ ग्रेडचा बोल्ट साधारण २०० न्यूटन-मीटरच्या जोराने आवळतात. एक मीटर लांब पाइप लावून साठ किलोचा माणूस टोकाला लोंबकळला, की जोर होतो जवळपास ५९०. जवळजवळ तिप्पट. जाम बोल्ट अशा वेळी सुटत नाही, तुटतो. आणि तुटलेला बोल्ट काढणं हे जाम बोल्ट काढण्याच्या दहापट अवघड. तरीही प्रत्येक गॅरेजच्या कोपऱ्यात तो पाइप असतोच. वस्तादांकडेही आहे. चाकाच्या नटांपुरता, ते म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक स्वतः आले. त्यांची घाईही खोटी नव्हती. दसऱ्याला गाडी दारात हवी, पूजा व्हायला हवी, आणि मासळीचा हंगाम पावसाळी बंदी उठल्यापासून भरात. एक दिवस गाडी उभी म्हणजे एक खेप गेली. शिवाय गाडीचं पासिंग जवळ आलेलं. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो, आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीचं शुल्क २०२२ पासून बरंच वाढलं आहे. "वस्ताद, एक्सलच बदलू या का?" त्यांनी विचारलं. भंगार बाजारातला जुना एक्सल मिळाला असता. वस्ताद म्हणाले, "त्या एक्सलला कुणी गॅस लावलाय का, हे कोण सांगणार?" मालक काही बोलले नाहीत. चहा सांगून गेले. मला त्यांचं कौतुक वाटलं, कारण नुकसान त्यांचं होत होतं आणि तरी त्यांनी कामात हात घातला नाही.

मग खरं काम सुरू झालं. पसरलेलं टोक आधी हॅक्सॉने कापून सपाट केलं. ग्राइंडर होता, पण ठिणग्यांजवळ स्प्रे आणि ॲसिटोन नको म्हणून हातानेच. सपाट टोकावर जुना नट उलटा बसवायची सोय उरली नव्हती, म्हणून पितळी दांडा धरून टोले द्यायला सुरुवात केली. पितळ पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे टोक पुन्हा पसरत नाही, दांडाच चेपतो. पंधरा-वीस टोल्यांनंतर वस्ताद हात लावून बघायचे. काही नाही.

त्यानंतर उष्णता वापरली, पण मोजून. लहान ब्लोलँप, आधी सगळं तेल पुसून, शेजारी वाळूची बादली आणि ओलं फडकं. कॉटरच्या आसपासचा एक्सलचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत केला होता, कारण चकचकीत पोलाद तापताना रंग दाखवतं. सव्वादोनशे अंशांच्या सुमारास गवती पिवळा, तीनशेला निळा. वस्तादांची मर्यादा पिवळ्याची. निळसर झाक येईल असं वाटताच ते ज्योत काढत. या तापमानाने एक्सलचं पाणी उतरत नाही, पण भोक किंचित मोठं होतं. किती? पोलादाचं प्रसरण दर अंशाला सुमारे बारा दशलक्षांश. वीस मिलिमीटरचं भोक दोनशे अंशांनी तापलं तर ०.०५ मिलिमीटरने वाढतं. कागदाच्या जाडीच्या निम्मं. कॉटरही तापतोच, म्हणून तोही वाढतो, पण बाहेरचा धातू आधी तापतो आणि त्या थोड्या वेळात गंजाचा बंध तुटू शकतो. तापलेल्या फटीवर वस्तादांनी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आत ओढलं गेलं, तेल जिथे पोहोचलं नव्हतं तिथे. पुन्हा पितळी दांडा, पुन्हा टोले.

असे चार फेरे झाले. दुपारी हेल्परने घामाने भिजलेला शर्ट काढून बनियनवर काम सुरू केलं तेव्हा वस्तादांनी त्याला ओरडून शर्ट घालायला लावला. ज्योतीजवळ उघड्या अंगाने नाही.

चौथ्या फेऱ्यानंतरही कॉटर हलला नाही, तेव्हा उरला तो ड्रिलचा मार्ग. याला वस्ताद सगळ्यात जास्त घाबरतात, आणि ते त्यांनी लपवलं नाही. कॉटरच्या बरोबर मध्यावर भोक पाडायचं, म्हणजे तो आतून पोकळ होतो, त्याची भिंत आत दबू शकते आणि बाहेरचा दाब सुटतो. पण ड्रिल एका बाजूला सरकलं तर ते एक्सलच्या डोळ्यात घुसतं, आणि मग ते भोक कायमचं खराब. त्यांनी सेंटर पंचने मध्य काढायला वीस मिनिटं घेतली. एकदा पुसला, पुन्हा काढला. पहिलं ड्रिल सहा मिलिमीटरचं, कमी वेगाने, कटिंग ऑइल सोडत. हेल्परला त्यांनी बाजूला उभं केलं होतं आणि एकच काम दिलं होतं: ड्रिल सरळ आहे का ते गुण्याला लावून सांगत राहायचं. "डावीकडं, वस्ताद. थोडं. हां." संपूर्ण गल्लीत त्या वेळी तेवढाच आवाज मी ऐकला. नंतर आठचं ड्रिल. मग दहाचं. निळसर कुरळा कीस खाली पडत राहिला.

दिवे लागायच्या वेळी त्यांनी पंच आत धरला आणि मध्यम हातोड्याने एक टोला दिला. आवाज बदलला. आधीचा ठणठणीत होता, हा बसका. दुसरा टोला. तिसऱ्याला कॉटर दोन मिलिमीटर मागे सरकला. ड्रायव्हर खुर्चीवरून उठला. पाचव्याला कॉटर पलीकडे गोणपाटावर पडला. कुणी काही बोललं नाही. वस्तादांनी पहिल्यांदा बोट घालून एक्सलचं भोक आतून फिरवून बघितलं, मग बॅटरी लावून. ओरखडाही नव्हता.

तो कॉटर मी हातात घेतला. एका अंगाला अजून पोलादाची चकाकी, दुसऱ्या अंगाला काळपट तपकिरी थर, आणि मध्ये एक स्पष्ट रेघ, जिथपर्यंत खारं पाणी पोहोचत असावं.

किंगपिन मात्र हायड्रॉलिक प्रेसने तिसऱ्या दिवशी तासाभरात निघाली. बूश अंडाकृती झिजले होते. का, ते वरच्या ग्रीस निपलवर कळलं. कधी तरी चॅसिस रंगवताना निपलवर रंगाचा जाड थर बसला होता, त्याचं तोंड बंद. तेव्हापासून त्या पिनेला वरून ग्रीस मिळालंच नव्हतं. ड्रायव्हर दर खेपेनंतर ग्रीस मारून घेत होता, पण बंदूक दाबली की ग्रीस बाहेरच ओघळायचं आणि ग्रीस मारणारा ते पुसून टाकायचा. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर हे ऐकताना जे आलं ते बघवत नव्हतं. वीस वर्षं त्याने जपलेली गाडी, आणि चूक रंगाऱ्याच्या एका ब्रशाची.

नवे बूश प्रेसने बसवून रीमरने पिनेच्या मापाला आणले, नवं थ्रस्ट बेअरिंग, नवी पिन, नवा कॉटर. दोन्ही बाजूंचं काम केलं, कारण एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली की गाडी पुन्हा ओढते. नट आवळायला वस्तादांनी कपाटातून टॉर्क पाना काढला. तो त्यांच्या मुलाने आणून दिलेला. मी विचारलं, चाळीस वर्षं मुरलेल्या हाताला याची गरज आहे का? ते म्हणाले, "हात सकाळी एक सांगतो, संध्याकाळी एक. हा एकच सांगतो." हेल्परला त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली. आट्यांना तेल असेल तर तेवढ्याच टॉर्कला नट जास्त ओढला जातो, म्हणून पुस्तकात सुके आटे लिहिले असतील तर सुकेच ठेवायचे. ग्रीस लावायचं ते नट आवळून झाल्यावर, बाहेरच्या टोकावर, खाऱ्या पाण्याला अडवायला.

गाडी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली. तीन दिवसांत त्या गॅरेजात दुसरं कुठलंही काम झालं नाही. बिलात मजुरी लिहिताना वस्तादांनी कॉटर काढण्याच्या वेळेचे निम्मेच पैसे लावले. "मालक म्हणंल, एका बोल्टाचे एवढे?" हे मला पटलेलं नाही, आणि मी ते त्यांच्या तोंडावर सांगितलं. तो वेळ आणि ते ज्ञान पूर्ण पैशांचं आहे. नाहीतर पुढचा मिस्त्री टॉर्चच उचलणार, कारण टॉर्चला पाच मिनिटं लागतात.

म्हणून ट्रकमालकांना, आणि ज्यांच्या घरात कुणाची गाडी घाटात चालते त्या सगळ्यांना माझं एक मागणं आहे. खंडेनवमीला गाडीला हार घालण्याआधी तिच्या किंगपिनच्या निपलांमधून ग्रीस खरंच आत जातंय का ते बघून घ्या. आणि स्टिअरिंगचा बोल्ट जाम झाला म्हणून कुणी गॅसची टॉर्च पेटवायला लागला, तर त्याचा हात धरा, त्याला आणखी दोन दिवस द्या आणि त्या दोन दिवसांचे पैसेही द्या.